घरचा हिशेब चारचौघांत मांडण्याची तयारी आहे का?

शेअर बाजारात कंपनीची नोंदणी : अटी कोणत्या आणि त्यांचा अर्थ काय

मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागवाला असो, धारावीतला चामड्याच्या वस्तू बनविणारा कारखानदार असो किंवा मोहल्ल्यातल्या एका भट्टीवरून चार दुकानांपर्यंत पोहोचलेला बेकरीवाला असो, धंदा एका मर्यादेपलीकडे वाढला की पुढचे भांडवल आणायचे कोठून, हा प्रश्न प्रत्येकापुढे उभा राहतो. घरातले दागिने झाले, भावाची बचत झाली, सासुरवाडीकडून उसने झाले. बँकेत गेले तर तारण मागतात आणि व्याज लागते. अशा वेळी कोणीतरी सांगतो, "शेअर बाजारात जा. आजकाल छोट्या कंपन्यांनाही पैसा मिळतो." मागोमाग एखादा मध्यस्थही दारात येतो. सहा महिन्यांत कंपनीची नोंदणी करून देतो, दहा कोटी उभे करून देतो, असे तो सांगतो.

हे खरे किती आणि खोटे किती, याचा विचार आपल्या व्यापारी बांधवांनी शांतपणे केला पाहिजे. छोट्या कंपनीला शेअर बाजाराचे दार आज खरोखरच उघडे आहे. मात्र त्या दारावर लिहिलेल्या अटी केवळ रकमेच्या नाहीत. भांडवल किती, नफा किती, मालमत्ता किती, अशा आकड्यांत त्या मांडलेल्या असल्या तरी प्रत्येक अटीमागे एकच सवाल आहे : तुमच्या वह्या अनोळखी माणसाने उघडून पाहिल्या तर चालेल का? ज्याचे उत्तर होय आहे, त्याचे निम्मे काम झाले. ज्याचे उत्तर नाही आहे, त्याने या वाटेला न गेलेलेच बरे.

अमळनेर, मुंबई सेंट्रल, कुलाबा

शेअर बाजार हे आपले क्षेत्र नव्हे, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. इतिहास तसे सांगत नाही.

डिसेंबर १९४५ मध्ये खानदेशातील अमळनेर येथे मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तूप तयार करणारी कंपनी स्थापन केली. तिचे नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. १९४६ साली या कंपनीने आपले शेअर लोकांना देऊ केले. अमळनेर व आसपासच्या कितीतरी कुटुंबांनी ते घेतले आणि जपून ठेवले. तीच कंपनी पुढे विप्रो झाली. १९६६ मध्ये प्रेमजींचे निधन झाले तेव्हा त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण सोडून परत आले. त्यांचे वय होते २१. भागधारकांच्या पहिल्याच सभेत एका भागधारकाने त्यांना कंपनी विकून टाकण्याचा सल्ला दिला, हा प्रसंग त्यांच्याविषयी लिहिताना नेहमी सांगितला जातो. ज्याच्याकडे थोडे शेअर आहेत असा कोणीही माणूस उठून मालकाला जाब विचारू शकतो, हा नोंदणीकृत कंपनीचा पहिला धडा त्यात आहे.

त्याआधी १९३५ साली मुंबईत ख्वाजा अब्दुल हमीद यांनी औषधांची कंपनी काढली. तीही पब्लिक लिमिटेड. अधिकृत भांडवल होते ६ लाख रुपये. ती कंपनी म्हणजे मुंबई सेंट्रलची सिप्ला.

तिसरे उदाहरण दुकानदारांना अधिक जवळचे वाटेल. १९५५ साली मुंबईत कुलाब्याला मलिक तेजानी यांनी मेट्रो नावाचे बुटांचे दुकान सुरू केले. १९७७ मध्ये त्याची खाजगी मर्यादित कंपनी झाली. दुकाने शहराशहरांत वाढत गेली आणि डिसेंबर २०२१ मध्ये मेट्रो ब्रँड्सच्या शेअरची बाजारात नोंदणी झाली. दुकान ते कंपनी २२ वर्षे, कंपनी ते शेअर बाजार आणखी ४४ वर्षे. सहा महिन्यांत सारे उरकून देणाऱ्या मध्यस्थाला हा हिशेब सांगावा. आणखी एक गोष्ट. लोकांना ५०० रुपयांना दिलेला हा शेअर मुंबई शेअर बाजारात पहिल्या दिवशी ४३६ रुपयांवर उघडला. एवढ्या नावाजलेल्या कंपनीचा भावही बाजार आपल्या मनाने ठरवितो. नोंदणी म्हणजे भावाची हमी नव्हे.

नोंदणी म्हणजे नेमके काय?

कंपनीचे भांडवल लहान लहान समान भागांत विभागलेले असते. त्या प्रत्येक भागाला शेअर म्हणतात. खाजगी मर्यादित कंपनीत हे शेअर घरच्या किंवा ओळखीच्या माणसांकडे असतात आणि बाहेरच्या लोकांना ते घ्या म्हणून आवाहन करता येत नाही. पब्लिक लिमिटेड कंपनी ते करू शकते. असे शेअर लोकांना दिल्यानंतर त्यांची रोजची खरेदी-विक्री ज्या बाजारात व्हायची, त्या बाजाराच्या यादीत कंपनीचे नाव दाखल होणे म्हणजे नोंदणी. मुंबई शेअर बाजार १८७५ पासूनचा. राष्ट्रीय शेअर बाजाराची स्थापना १९९२ ची आणि त्याचे व्यवहार १९९४ पासूनचे. या दोन्ही बाजारांवर देखरेख ठेवणारी संस्था म्हणजे सेबी.

नियम इतके कडक का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९९२ पर्यंत कंपनीने किती भांडवल उभारावे व शेअर कोणत्या किमतीला विकावा, याला केंद्र सरकारची परवानगी लागत असे. त्या वर्षी तो कायदा रद्द झाला, सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले आणि किंमत ठरविण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत भागविक्रीचा पूर आला. त्यात चांगल्या कंपन्या होत्या, तशाच पैसे गोळा करून पत्त्यासकट नाहीशा झालेल्याही होत्या. सरकारी कागदपत्रांत अशा कंपन्यांना 'व्हॅनिशिंग कंपन्या' असेच नाव पडले. लहानसहान नोकरदारांची बचत त्यात बुडाली. आजची प्रत्येक अट अशाच एखाद्या फसवणुकीच्या अनुभवातून आलेली आहे.

दोन दारे : मुख्य मंच आणि लघु उद्योगांचा मंच

मोठ्या कंपन्यांसाठी मुख्य मंच आहे. त्याच्या ठळक अटी अशा :

१) मागील तीन वर्षांपैकी प्रत्येक वर्षी निव्वळ मूर्त मालमत्ता किमान ३ कोटी रुपये.
२) मागील तीनही वर्षे धंद्यातून नफा आणि त्या नफ्याची सरासरी किमान १५ कोटी रुपये.
३) प्रत्येक वर्षी नक्त मूल्य, म्हणजे देणी वजा जाता उरणारी मालकांची रक्कम, किमान १ कोटी रुपये.
४) भागविक्रीनंतरचे भरणा झालेले भांडवल किमान १० कोटी आणि एकूण शेअरचे बाजारमूल्य किमान २५ कोटी रुपये.

नफ्याची अट पूर्ण न करणाऱ्या कंपनीलाही एक वाट ठेवलेली आहे. मात्र तिला विक्रीचे किमान ७५ टक्के शेअर बँका, म्युच्युअल फंड यांसारख्या जाणत्या संस्थांना द्यावे लागतात. संस्थांनी ते घेतले नाहीत तर विक्री रद्द होते.

आपल्या बहुतेक वाचकांचा संबंध दुसऱ्या दाराशी येईल. २०१२ मध्ये मुंबई शेअर बाजाराने एसएमई मंच आणि राष्ट्रीय शेअर बाजाराने इमर्ज मंच सुरू केला. भागविक्रीनंतर ज्यांचे भरणा झालेले भांडवल २५ कोटींपेक्षा जास्त होत नाही, अशा कंपन्यांसाठी हे मंच आहेत. २०२५ मध्ये सेबीने येथील नियम बरेच कडक केले. आज मुख्य अटी अशा आहेत :

१) मागील तीन वर्षांपैकी कोणत्याही दोन वर्षांत धंद्यातून किमान १ कोटी रुपयांचा कार्यकारी नफा. व्याज, घसारा व कर वजा करण्यापूर्वीचा हा नफा असतो.
२) मुंबई शेअर बाजाराच्या मंचावर मागील दोन पूर्ण वर्षे नक्त मूल्य किमान १ कोटी आणि शेवटच्या वर्षी निव्वळ मूर्त मालमत्ता किमान ३ कोटी रुपये. कर्ज स्वतःच्या भांडवलाच्या तिपटीपेक्षा जास्त नसावे.
३) राष्ट्रीय शेअर बाजाराच्या मंचावर, सप्टेंबर २०२४ पासून, तीनपैकी किमान दोन वर्षे मालकांसाठी रोकड शिल्लक राहिलेली दिसली पाहिजे.
४) प्रवर्तकांचे सर्व शेअर डीमॅट स्वरूपात असले पाहिजेत.

यातली तिसरी अट आपल्या धंद्यांना सर्वाधिक झोंबणारी आहे. कापड आणि चामड्याचा व्यापार उधारीवर चालतो. वहीत विक्री लिहिली जाते, नफाही दिसतो, पण पैसा तीन-तीन, सहा-सहा महिने व्यापाऱ्याकडे अडकलेला असतो. ताळेबंदातला नफा कागदावरचा आणि गल्ल्यातली रोकड खरी, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकविलेच आहे. बाजार आता तेच विचारतो. खर्च, यंत्रसामग्री, व्याज सारे भागवून आणि कर्जातली घट-वाढ धरून हातात काय उरले, ते दाखवा. ज्याची वसुली वेळेवर नाही, तो येथेच अडतो.

पेढीची कंपनी करताना

आपल्यापैकी बहुतेकांचे धंदे एकल मालकीचे किंवा भागीदारीचे. शेअर बाजारात जाण्यासाठी पब्लिक लिमिटेड कंपनी हवी. तिला किमान सात भागधारक आणि तीन संचालक लागतात. पेढीचे कंपनीत रूपांतर केल्याबरोबर लगेच भागविक्री करता येत नाही. कंपनी म्हणून किमान एक पूर्ण आर्थिक वर्ष गेले पाहिजे, मगच माहितीपत्रकाचा मसुदा दाखल करता येतो. भागीदारीच्या काळातला नफा हिशेबात धरावा असे वाटत असेल, तर त्या वर्षांचे हिशेब कंपनी कायद्याच्या नमुन्यात बसवून घ्यावे लागतात.

खरी कसोटी आहे ती येथे. ज्या पेढीने वर्षानुवर्षे पक्की बिले केली, वस्तू व सेवा कर भरला, मजुरी बँकेतून दिली, तिचे हिशेब नव्या नमुन्यात बसविणे हे चार्टर्ड अकाउंटंटचे थोड्या दिवसांचे काम. पण जेथे निम्मा माल कच्च्या चिठ्ठीवर गेला, घरातल्या लग्नाचा खर्च दुकानाच्या खात्यातून झाला आणि गोदाम चुलत्याच्या नावावर असून भाड्याचा करारच नाही, तेथे अकाउंटंट तरी काय करणार? जी विक्री कर वाचविण्यासाठी लपविली, ती भागविक्रीच्या वेळी दाखविता येत नाही. लपविलेला नफा मोजला जात नाही. अनेक चांगले धंदे या एकाच कारणाने दारातून परततात.

भाऊबंदांशी होणारे व्यवहारही उघड करावे लागतात. सूत मेहुण्याच्या दुकानातून येते, कोणत्या भावाने येते? माल भावाच्या वाहतूक कंपनीतून जातो, दर काय? असे व्यवहार करण्यास मनाई नाही. ते लपविण्यास मनाई आहे. प्रवर्तकांवरचे खटले, कराच्या नोटिसा, थकलेली देणी, सारे माहितीपत्रकात छापले जाते. जाणूनबुजून कर्ज बुडविणारा म्हणून ज्याचे नाव लागले आहे, त्या प्रवर्तकाला भागविक्रीच करता येत नाही.

एक उदाहरण करून पाहू

समजा, एका कुटुंबाची बुटांचा कारखाना चालविणारी कंपनी आहे. १० रुपये दर्शनी मूल्याचे ६० लाख शेअर, म्हणजे भरणा झालेले भांडवल ६ कोटी. सर्व शेअर घरातच आहेत. नवी यंत्रे आणण्यासाठी कंपनीने आणखी २२ लाख शेअर ५० रुपये दराने विकायचे ठरविले. जमा होणारी रक्कम ११ कोटी रुपये.

विक्रीनंतर एकूण शेअर होतील ८२ लाख आणि भांडवल ८ कोटी २० लाख, म्हणजे २५ कोटींच्या आत. साधारणपणे एकूण शेअरपैकी किमान २५ टक्के लोकांना देऊ करावे लागतात. येथे नव्या शेअरपैकी ५ टक्के, म्हणजे १ लाख १० हजार शेअर, मार्केट मेकरसाठी बाजूला ठेवले तरी उरलेले २० लाख ९० हजार शेअर २५ टक्क्यांपेक्षा थोडे जास्तच भरतात.

मार्केट मेकर म्हणजे बाजारात रोज खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव देण्यास बांधलेला दलाल. लहान कंपनीच्या शेअरला गिऱ्हाईक रोज मिळत नाही, म्हणून नोंदणीपासून तीन वर्षे अशी नेमणूक सक्तीची आहे. शिवाय या मंचावर संपूर्ण भागविक्रीची हमी घेतलेली असावी लागते आणि त्यातली किमान १५ टक्के हमी मर्चंट बँकरने स्वतःच्या अंगावर घ्यावी लागते. आपल्या उदाहरणात ती होईल १ कोटी ६५ लाख रुपयांची. म्हणजे शेअर खपले नाहीत तर त्याचाही खिसा हलका होणार. मर्चंट बँकर इतके बारीक प्रश्न का विचारतो, हे यावरून कळेल.

आता घरच्या शेअरचे काय? एकूण शेअरच्या किमान २० टक्के, येथे १६ लाख ४० हजार शेअर, प्रवर्तकांना तीन वर्षे विकता येत नाहीत. उरलेल्या ४३ लाख ६० हजारांपैकी निम्मे एक वर्ष आणि निम्मे दोन वर्षे अडकून राहतात. नोंदणी झाली की दुसऱ्या दिवशी शेअर विकून मोकळे होऊ, असे मनात असेल तर ते विसरावे.

या कुटुंबाचा हिस्सा १०० टक्क्यांवरून सुमारे ७३ टक्क्यांवर आला. साधा ठराव घरच्या मतांवर मंजूर होईल. पण कंपनीची घटना बदलण्यासारख्या विशेष ठरावाला पडलेल्या मतांपैकी तीन-चतुर्थांश मते लागतात. बाहेरचे सारे एक झाले तर तो अडू शकतो. मालकी राहिली, पण मनमानी संपली. अब्बांनी उभा केलेला कारखाना आहे, आम्ही म्हणू ती पूर्व, अशी भाषा नोंदणीनंतर चालत नाही. भावाभावांत आधीच कुरबुर असेल तर ती मिटवून, हिस्से कागदावर लिहूनच पुढे जावे. माहितीपत्रक छापल्यावर भांडण निघाले तर ते साऱ्या बाजारात जाते.

पैसा कशासाठी, हे आधी सांगा

लोकांकडून घेतलेला पैसा ही अमानत आहे. तो कशासाठी हवा, हे माहितीपत्रकात मदवार लिहावे लागते. 'कंपनीच्या सर्वसाधारण कामांसाठी' या ढोबळ नावाखाली आता उभारलेल्या रकमेच्या १५ टक्के किंवा १० कोटी, यांपैकी जी कमी असेल तेवढीच रक्कम ठेवता येते. प्रवर्तकांनी कंपनीला दिलेले कर्ज या पैशातून फेडून घेता येत नाही. जुन्या मालकांनी आपले शेअर विकायचे म्हटले तर ते एकूण विक्रीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत आणि कोणीही आपल्या वाट्याच्या निम्म्याहून अधिक विकू शकत नाही.

हे निर्बंध आले, कारण २०२३ आणि २०२४ मध्ये या मंचावर अक्षरशः झुंबड उडाली. सेबीनेच ऑगस्ट २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार दहा वर्षांत येथून १४ हजार कोटींहून अधिक रक्कम उभी राहिली आणि त्यातले सुमारे ६ हजार कोटी एकट्या २०२३-२४ या वर्षात आले. त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीकडील एका दुचाकी विक्रेत्या कंपनीने सुमारे १२ कोटींसाठी शेअर विक्रीस काढले. शोरूम दोन, नोकर आठ, आणि मागणी आली ४०० पटींहून अधिक! धंदा काय, हे न पाहता पैसा धावत होता. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने दुसऱ्या एका कंपनीला नोंदणीपूर्वीच सुमारे ४५ कोटी रुपये गुंतवणूकदारांना परत करण्याचा आदेश दिला. ज्या पुरवठादाराकडून संगणक प्रणाली घेणार म्हणून तिने लोकांकडे पैसा मागितला होता, तो पुरवठादार केवळ कागदोपत्री असल्याचे चौकशीत आढळले. एका खोट्या कोटेशनपायी हाताशी आलेली नोंदणी गेली.

गुंतवणूकदाराच्या बाजूनेही नियम बदलले. लघु मंचावर आता किमान अर्ज २ लाखांहून अधिक रकमेचा करावा लागतो आणि किमान २०० जणांना शेअर मिळाले नाहीत तर वाटपच होत नाही. दोन-चार हजारांची बचत घेऊन येणाऱ्याला या मंचापासून जाणूनबुजून दूर ठेवले आहे, कारण येथे जोखीम मोठी.

कामाची वाटचाल

प्रथम मर्चंट बँकर नेमावा लागतो. तो सेबीकडे नोंदलेला आहे का, हे सेबीच्या यादीतून स्वतः तपासावे. तो कंपनीची कसून तपासणी करतो. ठरावीक दर्जाचे प्रमाणपत्र असलेल्या लेखापरीक्षकाकडून तीन वर्षांचे हिशेब नव्याने मांडून घेतले जातात. माहितीपत्रकाचा मसुदा शेअर बाजाराकडे जातो आणि २१ दिवस लोकांच्या हरकतींसाठी खुला राहतो. लघु मंचाचा मसुदा सेबी स्वतः तपासून शेरा देत नाही, ती जबाबदारी शेअर बाजाराची असते. मुख्य मंचासाठी मात्र सेबीचा शेरा लागतो. तत्त्वतः मंजुरीनंतर कंपनी निबंधकाकडे माहितीपत्रक दाखल होते आणि विक्री किमान तीन दिवस खुली राहते. अर्जदाराचा पैसा त्याच्याच बँक खात्यात अडकवून ठेवला जातो आणि शेअर मिळाले तरच वळता होतो. डिसेंबर २०२३ पासून विक्री बंद झाल्यानंतर तीन कामकाजी दिवसांत नोंदणी होणे बंधनकारक आहे.

या साऱ्याला खर्च येतो. मर्चंट बँकर, वकील, लेखापरीक्षक, निबंधक, जाहिरात, छपाई. यातला बराच खर्च विक्री लहान असली म्हणून लहान होत नाही. म्हणून दोन-तीन कोटींच्या गरजेसाठी ही वाट सहसा परवडत नाही.

नोंदणीनंतरची बांधिलकी

नोंदणी हा शेवट नव्हे. संचालक मंडळात किमान एक-तृतीयांश संचालक स्वतंत्र, म्हणजे घराबाहेरचे आणि हितसंबंध नसलेले असावे लागतात. किमान एक महिला संचालक लागते. पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी नेमावा लागतो. मुख्य मंचावर दर तिमाहीला आणि लघु मंचावर दर सहामाहीला हिशेब जाहीर करावे लागतात. मोठी ऑर्डर मिळाली, कारखान्यात आग लागली, लेखापरीक्षकाने राजीनामा दिला, तर ते बाजाराला तातडीने कळवावे लागते. हिशेबाचा काळ संपल्यापासून तो जाहीर होऊन ४८ तास होईपर्यंत मालकांना स्वतःच्या कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. घरी जेवताना मामाला "यंदा नफा दुप्पट आहे" असे सांगितले आणि मामाने शेअर घेतले, तर तो गुन्हा ठरू शकतो.

व्याज आणि भागीदारी

आपल्या वाचकांच्या मनातला एक प्रश्न येथे घ्यायला हवा. कर्जाला व्याज ठरलेले असते, धंदा बुडो की तरो. शेअर घेणारा नफ्या-तोट्याचा वाटेकरी असतो. या अर्थाने भागभांडवल ही वाट भागीदारीच्या जवळची आहे. पण केवळ शेअर विकले म्हणून कंपनी आपोआप निकषांत बसत नाही. मुंबई शेअर बाजाराने डिसेंबर २०१० मध्ये शरिया निर्देशांक सुरू केला. अशा निर्देशांकांत कंपनीचा धंदा कोणता, व्याजाचे कर्ज किती आणि व्याजाचे उत्पन्न किती, हे पाहिले जाते. कर्जाची मर्यादा साधारणपणे एक-तृतीयांशाच्या आसपास धरली जाते. व्याजाचे कर्ज कमी करण्यासाठी भांडवल उभारणाऱ्या कंपनीने ताळेबंद या नजरेनेही पाहावा आणि जाणकार उलमांचे मत घ्यावे.

आजपासून काय करावे?

ज्यांचा वार्षिक नफा अजून १ कोटीच्या जवळपासही नाही, त्यांनी निराश होऊ नये. तयारी आजपासून करता येते आणि शेअर बाजारात कधीच गेलो नाही तरी ती वाया जात नाही.

१) घर आणि दुकान यांची खाती आजच वेगळी करा. स्वतःलाही पगार ठरवून घ्या.
२) प्रत्येक विक्रीचे पक्के बिल करा.
३) जागा, गोदाम, यंत्रे कोणाच्या नावावर आहेत ते पाहा आणि भाडेकरार करून घ्या.
४) भाऊ, मुले, मुली यांचे हिस्से लिहून काढा. मुलींचा हक्क विसरू नका. पुढे तोच खटल्याचे कारण होतो आणि माहितीपत्रकात छापला जातो.
५) उधारीची यादी दर महिन्याला करा. सहा महिन्यांपेक्षा जुनी येणी किती, हे तोंडपाठ असू द्या.
६) हिशेब तपासणारा अकाउंटंट घरचा नको, कडक हवा.
७) जो कोणी नोंदणीची किंवा भाव वाढवून देण्याची हमी देईल, त्याला चहा पाजून वाटेला लावा. भाव वाढवून देणे हा कायद्याने गुन्हा आहे.

वरील आकडे वेळोवेळी बदलतात, म्हणून पाऊल उचलण्यापूर्वी सेबीचे आणि संबंधित शेअर बाजाराचे ताजे परिपत्रक अवश्य पाहावे.

ही सात कामे ज्याने पाच वर्षे नेकीने केली, त्याला बँकही विचारते, मोठा खरेदीदारही विचारतो आणि चांगला भागीदारही मिळतो. अमळनेरच्या शेतकऱ्याने आणि दुकानदाराने १९४६ साली आपली बचत एका तेलाच्या गिरणीत ठेवली. आपल्या कारखान्यावर असाच भरवसा शेजारच्या माणसाने ठेवावा, असे ज्याला वाटत असेल त्याने आपली वही आधी त्या शेजाऱ्यापुढे उघडावी.